पॉवर बीआय रोजच्या कामात: एमआयएस सांभाळणाऱ्याचा अनुभव

आमचा धंदा शेतीपंप आणि सुट्या भागांच्या वितरणाचा. हिशेब टॅलीत, टार्गेट एक्सेलमध्ये, वसुली प्रत्येक सेल्समनच्या शीटमध्ये. दिवाळीनंतर सगळा एमआयएस, म्हणजे मालकांना लागणारे नियमित रिपोर्ट, पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आणला, नवं आर्थिक वर्षही त्यावरच सुरू केलं.

लोक चार्टवर भुलतात. मला विचाराल तर खरं सोनं पॉवर क्वेरीत, म्हणजे डेटा आणून साफ करणाऱ्या भागात आहे. आमच्या रिपोर्टमध्ये पार्टीचं नाव एकदाच येतं आणि खाली नुसती बिलं. ‘फिल डाऊन’ केलं की प्रत्येक बिलासमोर नाव येतं. फाइल सीएसव्ही असेल तर मात्र रिकामा रकाना ‘नल’ (म्हणजे ‘काहीच नाही’) धरला जात नाही. आधी ‘रिप्लेस व्हॅल्यूज’ने तिथे नल भरा, नाहीतर फिल डाऊन ढिम्म हलत नाही. एकदा या पायऱ्या बसवल्या की दर महिन्याला फोल्डरमध्ये नवी फाइल टाकायची आणि रिफ्रेश दाबायचं. आमची महिनाअखेर आधी एक्सेलमध्ये व्हीलूकअप (दुसऱ्या यादीतून माहिती शोधून आणणारं सूत्र) ओढण्यातच जायची.

दुसरा मोठा फायदा मीटिंगमध्ये झाला. ‘निव्वळ विक्री’ म्हणजे जीएसटी वगळून, परत आलेला माल वजा करून, हे एकाच मेजरमध्ये, म्हणजे सगळीकडे वापरता येणाऱ्या सूत्रात लिहिलं. आता सेल्स आणि अकाउंट्स वेगवेगळे आकडे घेऊन भांडत नाहीत.

डॅक्सला, म्हणजे ही सूत्रं लिहायच्या भाषेला, वेळ द्यावाच लागतो. एक्सेल पक्कं असलं तरी इथे सेल नसतो, फिल्टर असतो. हे फिल्टर बदलणारं ‘कॅल्क्युलेट’ फंक्शन नीट समजून घ्या, बाकीचं सुटत जातं.

एप्रिल-मार्चचं आधीच बघा. आपोआप तयार होणाऱ्या तारखा कॅलेंडर वर्षाने चालतात, त्यामुळे एप्रिल दुसऱ्या तिमाहीत जातो. तारखांचं टेबल स्वतः बनवा आणि वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज देणाऱ्या ‘टोटलवायटीडी’ला वर्षअखेर 31 मार्च सांगा. डिस्प्ले युनिटमध्ये मिलियन आहे, लाख नाही. मी सरळ 1,00,000 ने भागून शीर्षकात ‘रु. लाखांत’ लिहितो. मालकांना तेच वाचायची सवय आहे.

पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण फक्त विंडोजवर. रिपोर्ट दुसऱ्यांना दाखवायचा तर साधारणपणे पाहणाऱ्यालाही प्रो लायसन्स लागतं. एप्रिल 2025 पासून त्याची जाहीर किंमत माणशी महिना 14 डॉलर आहे. प्रोमध्ये शेड्यूल्ड (ठरल्या वेळी आपोआप होणारा) रिफ्रेश दिवसाला 8 वेळा मिळतो, आणि फाइल्स ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असतील तर त्या ऑनलाइन पॉवर बीआयला जोडणारा गेटवे चालू ठेवावा लागतो.

सेल्समनला फक्त त्याच्याच भागातले आकडे दिसावेत म्हणून रो-लेव्हल सिक्युरिटी लावलीत, तर वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट ठेवायच्या सामाईक जागेत) त्याला ‘व्ह्यूअर’, म्हणजे नुसता पाहणाराच ठेवा. एडिटचा अधिकार दिलात की ती बंधनं त्याला लागूच होत नाहीत.