सावलीचा डोंगर, उन्हाचा डोंगर: ग्लेमटालमधले माउंटन बाइक ट्रेल

ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्ग प्रांतातली ग्लेमटाल ही दरी पूर्व-पश्चिम पसरली आहे. इथल्या ट्रेल्सबद्दल काहीही सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. दरीच्या उत्तरेकडच्या कोलमाइस, बर्नकोगल आणि रायटरकोगल या डोंगरांचे उतार दक्षिणेला तोंड करून असल्यामुळे सकाळपासून ऊन खातात. समोरचा शाटबर्ग उत्तराभिमुख आहे, आणि त्याच्या नावातच सावली आहे (जर्मनमध्ये ‘शाटन’ म्हणजे सावली). रात्री पाऊस झाला तर कोलमाइसची माती दुपारपर्यंत चाकाला धरू लागते, पण शाटबर्गच्या जंगलातली मुळं दुसऱ्या दिवशीही साबणासारखी असतात. दरीतल्या साल्बाख गावी येणारे बहुतेक जण पहिल्याच सकाळी सगळ्यात उंच लिफ्ट पकडून शाटबर्गवर जातात. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर हा क्रम उलटा करायला हवा.

मातीचंही तसंच. कित्झब्यूल आल्प्सचा हा भाग माथ्यापर्यंत गवताळ आहे. खाली स्लेट आणि फिलाइटसारखे मऊ, पापुद्र्यांचे खडक आहेत. ते झिजून बारीक, चिकणमातीसारखी माती होते. कोरडी आणि किंचित दमट असताना तिच्यावर पकड अप्रतिम मिळते. पूर्ण भिजली की ती टायरच्या गुठळ्यांमध्ये (पकडीसाठीच्या रबरी उंचवट्यांमध्ये) भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. म्हणून पावसाळी आठवड्यात मधल्या पट्ट्यात गुठळ्या विरळ असलेला टायर पुढे लावावा. दाट गुठळ्यांचा, वेगाने घरंगळणारा टायर इथे फक्त सलग चार कोरड्या दिवसांनंतर शोभतो.

आता ट्रेल्सकडे. दरीतला सर्वोत्तम ट्रेल निवडायचा तर मत हाकलबर्गला. तो शाटबर्गच्या पश्चिम शिखरावरून, २,०९६ मीटरवरून सुटतो. मोठ्या उड्या नाहीत, लाकडी रचनांचं प्रदर्शन नाही. गवताळ कण्यावरून जाणारी एक अरुंद, नीट कोरलेली वाट आहे, जिची वळणं एकातून एक उलगडत जातात. पुढे हाकलबर्ग आल्मच्या कुरणानंतर बुखेग ट्रेल जोडून घेतला की थेट हिंटरग्लेम या दरीतल्या दुसऱ्या गावापर्यंत उतरता येतं. हाकलबर्गची खुबी चढउताराच्या मोजमापात आहे. वेग वाढू लागतो तिथे वाट किंचित वर उचलली आहे, त्यामुळे ब्रेक न लावताही वेग ताब्यात राहतो. म्हणूनच हाकलबर्ग लवकर उखडत नाही. एक अडचण लक्षात ठेवा. साल्बाख गावातून निघणारी शाटबर्ग एक्सप्रेस गोंडोला (दोरावरची बंद डब्यांची लिफ्ट) पूर्व शिखरावर, सुमारे २,०२० मीटरवर सोडते. तिथून पश्चिम शिखर गाठायला छोटी पण दम काढणारी चढण आहे. डाउनहिलची (फक्त उतारासाठी बनवलेली) जड सायकल आणि एकच पुढचा गिअर असेल तर ढकलत जावं लागतं. हिंटरग्लेमहून पश्चिम शिखरावर जाणारी लिफ्ट त्या दिवशी चालू आहे का, हे सकाळी पाहून ठेवलं तर हा त्रास वाचतो.

पूर्व शिखरावरून खाली गावाकडे येणारी एक्स-लाइन हाकलबर्गच्या अगदी विरुद्ध स्वभावाची. एका दमात सुमारे हजार मीटर उंची गमावणारी, वरच्या भागात मोकळी, खाली जंगलात शिरल्यावर मुळांनी भरलेली. ती नीट चालवायला तंत्राइतकीच हातांची ताकद लागते. इथे दोन गोष्टी बिघडतात, ब्रेक आणि मनगटं.

ब्रेकचा हिशेब सोपा आहे. स्वार आणि सायकल मिळून ९५ किलो धरले तर हजार मीटर उतरताना सुमारे ९३० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. पावणेतीन लिटर पाणी २० अंशांपासून उकळीला आणायला पुरेल एवढी. तिचा मोठा भाग दोन पातळ चकत्यांमधून उष्णता होऊन बाहेर पडतो. त्यामुळे १६० मिलिमीटरचा रोटर (ब्रेकची चकती) आणि दोन पिस्टनचा कॅलिपर (चकतीवर पॅड दाबणारा भाग) घेऊन एक्स-लाइनवर जाऊ नये. पुढे २०० किंवा २०३ मिलिमीटरचा रोटर, मागे किमान १८०, आणि चार पिस्टन हवेत. पॅड धातुमिश्रित घ्यावेत. सेंद्रिय पॅड शांत असतात आणि थंड असताना छान चावतात, पण लांब उतारावर तापले की पकड सोडतात आणि ओल्या मातीत दोन-तीन दिवसांत संपतात. लिव्हर हळूहळू दांड्याच्या जवळ येत असेल तर पॅड झिजलेत किंवा तेल उकळायला लागलंय. पॅडची जाडी तपासा. पुरेशी असेल तर थांबून रोटर थंड होऊ द्या, आणि संध्याकाळी ब्रेक ब्लीड करून घ्या, म्हणजे तेलातली हवा काढून घ्या. सतत हलका ब्रेक धरून उतरणं ही सगळ्यात महागडी सवय. सरळ पट्ट्यात जोरात आणि थोडा वेळ ब्रेक लावायचा, वळणात सोडायचा.

मनगटं आणि कोपराखालचे स्नायू ताठरतात ते बहुतेकदा लिव्हर चुकीच्या जागी असल्यामुळे. एकाच बोटाने, लिव्हरच्या टोकाला पकड येईल इतके ते आत सरकवा. तीव्र उतारावर शरीर मागे जातं, म्हणून लिव्हर फार खाली झुकलेले ठेवू नका. एवढ्याने फरक पडतो.

दरीच्या उन्हाच्या बाजूला नवख्यांसाठी खरी सोय आहे. कोलमाइसवरून साल्बाखमध्ये उतरणारी मिल्का लाइन निळ्या म्हणजे सोप्या वर्गातली, रुंद, गोल बर्मची (वळणाच्या बाहेरच्या बाजूला उचललेल्या मातीच्या कडांची). हिंटरग्लेमच्या रायटरकोगलवर ब्लू लाइन आणि प्रो लाइन शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे दोन वेगळ्या पातळ्यांचे सोबती एकाच गोंडोलाने जाऊन खाली भेटू शकतात. मात्र निळा रंग म्हणजे सोपा आणि छोटा, असं समजू नका. रंग तंत्राची अवघडता सांगतो, लांबी सांगत नाही. मिल्का लाइनवर पहिल्या दिवशी पडणारे बरेच जण शेवटच्या टप्प्यात पडतात, कारण तोवर हात थकलेले असतात आणि माती मात्र तितकीच वेगवान असते. मध्ये दोनदा थांबा, पण वळणाच्या आत किंवा उडीच्या उतरणीवर नको. वाटेच्या बाहेर, वरून दिसेल अशा जागी.

डोंगर ओलांडून पलीकडच्या लिओगांग गावी गेलं की चित्र बदलतं. समोर चुनखडीचे लिओगांगर श्टाइनबेर्गे उभे असतात आणि आसिट्झच्या उतारावर बाइक पार्क आहे. २०१२ आणि २०२० च्या माउंटन बाइक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथे झाल्या. २०२० ची ऑक्टोबरमध्ये, चिखलात. त्या वर्षी स्पीडस्टर या डाउनहिल मार्गाच्या जंगलात नवा तीव्र, मुळांचा टप्पा जोडला होता. डाउनहिलमध्ये पुरुषांत रीस विल्सन आणि महिलांत कामिल बालांश विजेते ठरले. स्पीडस्टर चालवायचा विचार असेल तर आधी तो पायी पाहावा. बाजूने चालत जाता येतं आणि मुळांमधून जाण्याची योग्य रेषा खालून वर बघताना जास्त स्पष्ट कळते. उड्या आवडणाऱ्यांसाठी फ्लाइंग गँगस्टर, आणि सरावाला हँगमन.

लिओगांगबद्दल तक्रार एकच, पण ती मोठी आहे. मधल्या स्थानकापासून खालीपर्यंत सगळ्यांची गर्दी याच लाइनींवर होते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये दुपारपर्यंत प्रत्येक बर्मच्या आधी ब्रेकिंग बंप्स (ब्रेक लावून उकरले गेलेले खड्डे-उंचवटे) तयार झालेले असतात. उशिरा आणि घाबरून ब्रेक लावल्याने मागचं चाक उसळतं, माती एकाच ठिकाणी उकरली जाते, आणि पुढचा स्वार त्याच खड्ड्यात ब्रेक लावतो. यावर दोन उपाय. सकाळी पहिल्या गोंडोलाने लिओगांग करायचं आणि दुपारी साल्बाखच्या बाजूला यायचं. शिवाय मागच्या शॉकचं रिबाउंड (दबल्यावर परत उघडण्याचा वेग) नेहमीपेक्षा दोन क्लिक वेगवान ठेवायचं. रिबाउंड संथ असेल तर एकामागोमाग येणाऱ्या खड्ड्यांत शॉक पुन्हा पूर्ण उघडत नाही, दबत दबत आखडतो आणि सायकल दगडासारखी कडक होते. लोक मग हवा कमी करतात, जे चुकीचं औषध आहे. सॅग (स्वार बसल्यावर शॉक जेवढा दबतो ते प्रमाण) २८ ते ३० टक्क्यांच्या आसपास असू द्या, रिबाउंड मोकळं करा.

टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले), आणि मागचा तरी दुहेरी आवरणाचा असावा. ७५ किलोच्या स्वाराला पुढे १.५ ते १.६ बार, मागे १.७ ते १.८ बार ही चांगली सुरुवात. हजार मीटर वर गेल्यावर बाहेरचा हवेचा दाब सुमारे ०.१ बारने घटतो, म्हणून तापमान तेच असेल तर टायर तेवढा कडक वाटतो. थंडीमुळे त्यातला काही भाग भरून निघतो. दाब एकदा माथ्यावर मोजून घेतलेला बरा.

नियम हलक्यात घेऊ नयेत. ऑस्ट्रियात १९७५ च्या वन कायद्याने जंगलात पायी फिरायला सर्वांना मुभा दिली, पण सायकलसाठी जमीनमालकाची परवानगी लागते. ग्लेमटालमधले पाटी लावलेले ट्रेल अशा परवानगीने खुले आहेत. नकाशात दिसणारी दुसरी पायवाट मोहक वाटली तरी ती तुमच्यासाठी बंद असू शकते, आणि एका स्वाराच्या आगाऊपणामुळे मालक परवानगी काढून घेतो. कुरणांतली फाटकं उघडली तशी बंद करायची. वासरासोबतची गाय वाटेत असेल तर उतरून, लांबून वळसा घालायचा.

विमा आधी तपासा. फिरताना झालेल्या अपघातात हेलिकॉप्टरचं बिल साधारणपणे जखमी व्यक्तीलाच येतं, आणि ते मोठं असतं. डोंगरी बचाव पथकाचा क्रमांक १४०, युरोपभर चालणारा ११२. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळं उठतात, आणि वीज कडाडली की गोंडोला थांबतात. हाकलबर्गसारखा उघड्या कण्यावरचा ट्रेल म्हणून दुपारच्या जेवणाआधीच उरकावा.

राहायला साल्बाख की लिओगांग? रेल्वेने येणाऱ्यांना लिओगांग सोयीचं, तिथे स्थानक आहे. साल्बाखला झेल आम झेपासून बस घ्यावी लागते, आणि त्या बसमध्ये सायकल चढेल की नाही ते आधी विचारून ठेवावं. तरीही तीन दिवसांहून जास्त मुक्काम असेल तर साल्बाखच. गावातूनच एका बाजूला कोलमाइसची लिफ्ट निघते आणि दुसऱ्या बाजूला शाटबर्गची. सकाळी खिडकीतून माती किती ओली आहे ते बघायचं आणि मग बाजू ठरवायची.