घरच्या नॅससाठी नवं नेटवर्क कार्ड: अडीच गिगाबिट की दहा?

नॅसमधलं, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली साठवून ठेवणाऱ्या यंत्रातलं, १ गिगाबिटचं कार्ड बदलायचं असेल, तर कार्डांच्या आधी डिस्ककडे बघा. १ गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० ते ११८ एमबी मिळतात. आजची एकटी हार्ड डिस्कही मोठी फाइल सलग वाचताना याच्या पुढे जाते. म्हणजे घोडं नेटवर्कवर अडतंय, हे खरं. पण दोनच डिस्क मिरर करून (दोन्हींवर तीच प्रत) ठेवल्या असतील, तर लिहिण्याचा वेग एका डिस्कइतकाच राहतो आणि २.५ गिगाबिटवर मिळणारे सुमारे २८० एमबी त्याला पुरतात. चार-सहा डिस्कचा रेड (अनेक डिस्क एकत्र चालवायची रचना) किंवा एसएसडी असेल, तरच १० गिगाबिटच्या वाटेला जावं.

दोन १ गिगाबिट पोर्ट एलएसीपीने (अनेक तारा एकत्र बांधण्याची पद्धत) जोडून काम भागेल, असं अनेकांना वाटतं. भागत नाही. एक कनेक्शन एकाच तारेवरून जातं, त्यामुळे एका संगणकावरून एक फाइल कॉपी करताना वेग तोच राहतो.

२.५ गिगाबिटमध्ये डोकेदुखी कमी. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते, मदरबोर्डवरचा सर्वांत छोटा पीसीआयई एक्स१ (एका लेनचा) स्लॉट पुरतो, कार्ड फारसं तापत नाही. लिनक्सवर रिअलटेक ८१२५ आणि इंटेल आय२२६ दोन्ही चालतात. नॅसची प्रणाली लिनक्सऐवजी फ्रीबीएसडीवरची असेल तर इंटेलच घ्या. जुनं आय२२५ स्वस्तात दिसलं तर जरा जपून: त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोन पॅकेटांमधल्या अंतराचा दोष होता आणि काही स्विचबरोबर वेग कोसळायचा. बी३ आवृत्तीपासून तो दूर झाला.

खरा पेच १० गिगाबिटमध्ये आहे: तांब्याची आरजे४५ केबल (नेहमीची नेटवर्क केबल) की एसएफपी प्लस (वेगळं मॉड्यूल किंवा केबल खुपसायची खाच)?

भिंतीतून केबल आधीच गेली असेल तर आरजे४५ सोयीचं. कॅट ६ साधारण ५५ मीटर आणि कॅट ६ए १०० मीटर १० गिगाबिट पेलते. पण ही कार्डं वीज जास्त खातात आणि तापतात. इंटेल एक्स५४० तर मधले वेग (२.५ आणि ५ गिगाबिट) ओळखतच नाही; समोर २.५ गिगाबिटचा स्विच असला की ते सरळ १ गिगाबिटवर उतरतं. एक्स५५० किंवा ॲक्वांशियाचं एक्यूसी११३ मधले वेगही घेतं.

नॅस आणि संगणक एकाच खोलीत असतील, तर माझं मत एसएफपी प्लसला. इंटेल एक्स५२० किंवा मेलानॉक्स कनेक्टएक्स-३ ही सर्व्हरमधून निघालेली कार्डं स्वस्त मिळतात, आणि दोन यंत्रांमध्ये एक डॅक केबल (दोन्ही टोकांना एसएफपी प्लसचे जोड असलेली तयार केबल) थेट लावली की स्विचही लागत नाही. फक्त त्या जोडणीला वेगळा सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) द्या. खोड्या आहेतच. एक्स५२० अनोळखी मॉड्यूल नाकारतं. लिनक्सवर ड्रायव्हरला 'अनसपोर्टेड एसएफपी' चालवून घेण्याचा पर्याय द्यावा लागतो. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्याच्या भरवशावर बनलेली, तेव्हा शांत डब्यात हीटसिंकवर छोटा पंखा हवा. एसएफपी प्लसमध्ये आरजे४५चं मॉड्यूल खुपसलंत, तर उष्णतेतला फायदा गेलाच.

स्लॉटही तपासा. एक्स५२० हे पीसीआयई २.० एक्स८ कार्ड असलं, तरी एक्स४ स्लॉटमध्ये सेकंदाला सुमारे २ जीबी मिळतात. एका पोर्टला तेवढं भरपूर. लांबीने एक्स१६ दिसणारा स्लॉट आतून एक्स४, कधी एक्स१सुद्धा असतो. मदरबोर्डची पुस्तिका वाचल्याशिवाय कळत नाही.

कार्ड बदललं की मॅक पत्ता (कार्डाचा ओळखक्रमांक) बदलतो आणि राउटरमधलं आयपी आरक्षण (नॅसला ठरावीक पत्ता देण्याची नोंद) तुटतं. लिनक्समध्ये इंटरफेसचं नावही स्लॉटप्रमाणे बदलू शकतं, मग जुन्या नावावर बांधलेला स्थिर आयपी लागू होत नाही आणि नॅस नेटवर्कवरून गायब. म्हणून मदरबोर्डवरचा पोर्ट चालू ठेवा, त्यातून आत जाऊन नवं कार्ड बसवून घ्या. वेग मोजताना आधी आयपर्फ३ (फक्त नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) चालवा, फाइल कॉपी नंतर. नाहीतर डिस्कचा दोष कार्डाच्या माथी मारला जाईल.