१२, १३.८ की १५ व्होल्ट? रिगला नक्की किती द्यायचे

नवीन एचएफ रिग (हॅम रेडिओचा शॉर्टवेव्हवर बोलायचा-ऐकायचा सेट) आला की पहिला प्रश्न हाच, त्याला डीसी देणारा पॉवर सप्लाय किती व्होल्टवर सेट करू. एकजण सांगतो १२ पुरे, दुसरा म्हणतो १५ वर ठेव पॉवर जास्त निघते, आणि नवीन माणूस मधल्यामधे अडकतो. बहुतेक १०० वॉट रिगच्या मॅन्युअलमधे १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के असं असतं, म्हणजे साधारण ११.७ ते १५.९. आयकॉम आयसी-७३०० चंही तेच आहे. एवढी मोठी रेंज बघून वाटतं की कुठेही ठेवलं तरी चालेल. चालेल खरं, पण टोकाला नुसतं चालणं वेगळं आणि मधोमध नीट चालणं वेगळं.

१२ ठेवले तर रिसीव्ह करताना काहीच कळत नाही, सगळं झकास. पण पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबलं आणि फुल पॉवरला बोललं की रिग २० अँपिअरच्या आसपास खेचतो आणि गंमत संपते. हिशोब बघा, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर मीटरला साधारण ७ मिलिओहम, सप्लाय ३ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे २० अँपिअरला जवळपास ०.८ व्होल्ट वायरमधेच गेले. फ्यूज आणि कनेक्टरचे वेगळेच. रिगपर्यंत ११ च्या जवळपास पोचतात, आवाजाच्या प्रत्येक पीकला सिग्नल फाटतो, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर कचरा पसरतो, काही रिग तर पीकला बंद पडून परत चालू होतात. म्हणजे १२ ने रिग जळत नाही, पण त्रास बँडवरच्या बाकीच्यांना होतो, आणि मला ते जास्त खटकतं.

१५ वाल्यांचं म्हणणं पॉवर वाढते. मोठ्या रिगमधे वाढत नाही हो, एएलसी (आउटपुट आपोआप मर्यादेत ठेवणारं सर्किट) ते १०० वॉटलाच धरून ठेवतो. करंट तेवढाच राहतो आणि वरचे १.२ व्होल्ट गुणिले २० अँपिअर, म्हणजे २४ वॉट नुसती उष्णता होऊन फायनल्समधे, म्हणजे शेवटच्या पॉवर ट्रान्झिस्टरमधे, जाते. त्यात अँटेनाचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप) खराब असेल तर ट्रान्झिस्टरवरचा पीक व्होल्टेज आणखी चढतो. फायदा शून्य आणि धोका वाढलेला, मग कशाला.

छोटे क्यूआरपी, म्हणजे कमी पॉवरचे, किट असेल तर नियम अजून कडक. त्यांच्यात बऱ्याचदा एएलसी नसतोच. क्लास ई (ट्रान्झिस्टर स्विचसारखा चालवणाऱ्या) फायनलमधे ट्रान्झिस्टरच्या ड्रेन पिनवरचा पीक व्होल्टेज सप्लायच्या साधारण ३.५६ पट जातो, आणि या किटमधे आवडीने वापरतात तो बीएस१७० ट्रान्झिस्टर झेपवतो ६० व्होल्ट. १३.८ ला ४९ होतात, ठीक आहे. पण ४ सेलचा लिथियम-आयन पॅक फुल चार्ज असताना १६.८ देतो, तिथे बरोब्बर ६० च्या काठावर पोचतो. हा पॅक मोठ्या रिगच्या १५.९ च्याही वर जातो, तेव्हा तो थेट कुठेच लावू नका. ३ सेलवाला जास्तीत जास्त १२.६, तो क्यूआरपीला छान, १०० वॉटला कमी पडतो.

बाहेर जाऊन ऑपरेट करणाऱ्यांसाठी माझं मत सरळ लिथियम आयर्न फॉस्फेट, ४ सेलचा. चार्जिंगला १४.६ पर्यंत जातो पण चार्जर काढला की लवकरच १३.३ च्या आसपास येतो आणि बराच वेळ १३ च्या जवळ टिकून राहतो. लेड अ‍ॅसिड फुल असताना १२.७ आणि लोडला लगेच खाली, शिवाय वजन. फक्त फॉस्फेट पॅक घेताना बीएमएस (पॅकमधलं संरक्षण सर्किट) किती अँपिअर सोडतो ते बघा, १० अँपिअरवाला घेतला तर पहिल्याच हाकेला कट होतो.

घरी टेबलावर लिनिअर (मोठ्या ट्रान्सफॉर्मरवाला) सप्लाय की एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय)? लिनिअर जड असतो पण नॉइज करत नाही, ४० मीटर बँडवर कान देऊन ऐकणाऱ्याला याची किंमत कळते. त्याचा एकच धोका मोठा आहे, व्होल्टेज आवरणारा पास ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की आतले २० च्या आसपासचे व्होल्ट सरळ रिगला. म्हणून क्रोबार सर्किट (व्होल्टेज चढलं की आउटपुट लगेच शॉर्ट करून रिग वाचवणारं) नसलेला जुना लिनिअर मी रिगला लावणार नाही, कितीही मजबूत दिसला तरी. एसएमपीएस हलका असतो, बिघडला तर सहसा आउटपुटच जातं, पण स्वस्तातला एलईडी पट्टीसाठीचा घेतला तर बँडभर घरघर ऐकावी लागते. नवीन माणसाने रेडिओसाठी बनवलेला २५-३० अँपिअरचा एसएमपीएस घ्यावा, हे मी ठामपणे सांगेन. आणि लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर किंवा १२ व्होल्टचं म्हणून मिळणारं सोलर पॅनल थेट लावायचा विचारही नको, पॅनल लोड नसताना २१-२२ व्होल्ट दाखवतं, मधे चार्ज कंट्रोलर आणि बॅटरी हवीच.

सेटिंग करताना रिग न जोडता आधी मल्टिमीटरने १३.८ आणि प्लस-मायनस बघा. मग रिग जोडून डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) एफएम किंवा आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप) मोडला फुल पॉवर काही सेकंद द्या आणि रिगच्या मागच्या प्लगजवळ परत मोजा. तिथे १३ च्या वर असेल तर झालं. कमी दिसलं तर नॉब वर फिरवू नका, वायर जाड आणि आखूड करा.