१८५० रुपयांची पोकळ नळी : एका लग्नवाल्या फोटोग्राफरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, या वस्तूत काच नाही. एक पण नाही. दोन नळ्या आहेत, एक १० एमएमची आणि एक १६ ची, काळ्या, पोकळ, टोकांना माउंट (जोडणीची कडी) आणि आत सोनेरी पिनांची एक ओळ, बस. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात याला, कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावतात. पार्सल फोडलं तेव्हा बायकोने एक नळी डोळ्याला लावली, आरपार माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, याचे पैसे दिले तुम्ही?" दिले. १८५०. आणि आता पाच महिने वापरल्यावर सांगतो की परत द्यावे लागले तरी देईन, पण काही तक्रारी आहेत त्या पण लिहितो, कारण नुसतं भारी भारी लिहिलेले रिव्ह्यू वाचूनच मी पहिल्यांदा फसलो होतो.

मी चोपड्याकडचा. लग्नं करतो, चौदा वर्ष झाली. तुळशीचं लग्न लागलं की सुरू आणि आषाढ लागला की बंद, असं आपलं वर्ष. मागच्या सिझनला ३८ लग्नं केली, त्यातली निम्मी उन्हाळ्यात, खान्देशातला मे महिना ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको, मांडवात कूलर नवरदेवाकडे तोंड करून आणि आपण गरम हवेच्या बाजूला. आता असं झालंय की अंतरपाट खाली आला की बोट आपोआप दाबलं जातं, डोकं घरी ठेवून गेलं तरी चालतं. जूनमध्ये एका पार्टीचा अल्बम छापून आला, तो टेबलावर ठेवला, शेजारी दोन वर्षांपूर्वीचा एक सॅम्पल अल्बम पडलेला होता, सहज दोन्ही उघडून बघितले तर पानं जवळपास तीच. तीच नवरीची खिडकीतली पोज, तेच मेंदीचे हात चेहऱ्यापुढे, तीच अंगठी त्याच गुलाबाच्या पाकळ्यांवर. फक्त चेहरे बदललेले. पार्टी खूश होती, पेमेंट क्लिअर होतं, तक्रार कुणाचीच नाही, मलाच कसंतरी झालं.

अशा वेळी आमच्या लाईनमध्ये लोक नवीन बॉडी, म्हणजे कॅमेराच, घेतात. हप्ता सुरू झाला की उत्साह येतोच, तीन महिने टिकतो, मग हप्ता राहतो आणि उत्साह जातो (हे पण करून झालंय, त्यामुळे बोलतोय). मला मॅक्रो, म्हणजे इवल्या वस्तूंचे अगदी जवळून मोठे फोटो, करून बघायचं होतं, पण कंपनीची चांगली मॅक्रो लेन्स बघायला गेलो तर किंमत बघूनच परत आलो. मग ही नळी.

आता ही काम कशी करते ते थोडक्यात. लेन्स सेन्सरपासून (कॅमेऱ्यात चित्र पडतं तो भाग) जितकी लांब नेऊ तितकं जवळच्या वस्तूवर फोकस बसतो. नळी फक्त तेवढंच करते, लेन्स पुढे सरकवते. किती मोठं दिसेल याचा हिशोब पण सोपा आहे, नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेन्थ. माझी ५० एमएम, दोन्ही नळ्या जोडल्या तर २६, म्हणजे अर्ध्याच्या थोडं वर, त्यात लेन्स नळीशिवाय मुळात जितकं मोठं करते ते ०.१४ धरलं की ०.६६ च्या आसपास जातं. म्हणजे पोतीतला दीड सेंटिमीटरचा मणी सेन्सरवर एक सेंटिमीटरचा पडतो. आख्खा सेन्सरच ३६ बाय २४ मिलिमीटरचा, त्यात एक सेंटिमीटर मणी म्हणजे विचार करा. सोनाराने भिंगातून बघावं तसं दिसतं.

बिनकाचेची असल्यामुळे क्वालिटी तुमच्या लेन्सचीच राहते, नळी त्यात स्वतःचं काही घालत नाही. पण लेन्सनुसार गंमत बदलते. ८५ ला लावली तर मोठं कमी होतं पण समोरच्यापासून वीतभर लांब राहता येतं, नवरीच्या डोळ्याचा, नथीचा फोटो घ्यायला तेच बरं, ५० ने घ्यायला गेलो तर लेन्स जवळजवळ गालाला लागते आणि मागे उभी करवली हसत सुटते. वाइड लेन्सला तर लावूच नका, फोकस लेन्सच्या काचेच्या आतच कुठेतरी बसतो. मी १६-३५ वर अर्धा तास झटलो, मला वाटलं नळी खराब आली.

फसल्याची गोष्ट. पहिला सेट मी ४२० रुपयांचा मागवला होता. दिसायला अगदी सेम. फक्त आत पिना नव्हत्या. मला वाटलं ऑटोफोकस नसेल, ठीक आहे, हाताने करू. पण माझ्या मिररलेसच्या लेन्सची फोकस रिंग पण विजेवर चालते, नुसती फिरवून काही होत नाही, कॅमेऱ्याशी कनेक्शनच नाही म्हटल्यावर ना फोकस ना अ‍ॅपर्चर (लेन्समधलं लाईट कमीजास्त करणारं भोक), दोन्ही अडकून. ४२० त्या ४२० वाल्याला गेले. जुनी अ‍ॅपर्चर रिंगवाली मॅन्युअल लेन्स असेल तर तो स्वस्त सेट मस्त चालतो, तेवढ्यासाठी जरूर घ्या. नाहीतर पिनावालाच घ्या, चारपाच नावांनी तोच माल विकतात, त्यामुळे ब्रँड सांगत बसत नाही.

तर आला तेव्हा आषाढ होता. दुकानात पासपोर्ट फोटो सोडून काम नाही, पाऊस, लाईट जाऊन येऊन. पहिल्या दिवशी काउंटरवरच जे दिसलं ते काढलं, मोबाईलचं सिमकार्ड, मिश्री, पाच रुपयाचं नाणं, मेलेली माशी. मग चाळीसगावचे केकी मूस आठवले. आपल्या भागातले असून आमच्या लाईनमधल्या निम्म्या पोरांना नाव माहीत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. १९१२ चा जन्म, १९८९ ला गेले, पारशी माणूस, विलायतेला जाऊन फोटोग्राफी शिकून आलेला आणि नंतर कित्येक दशकं चाळीसगावच्या घरातच राहिला, बाहेर जवळपास पडलाच नाही. आणि त्या घरात बसून टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून असे देखावे उभे करायचा की बघणाऱ्याला वाटावं हा कुठल्या तरी बर्फाळ डोंगरातला फोटो आहे. त्यांच्या घराचंच आता संग्रहालय आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फोटोपुढे उभा राहून शोधत होतो की यात डोंगर कशाचा केलाय. तेव्हा वाटलं होतं आपण पण करू, आणि मग तुळशीचं लग्न लागलं.

तर मी पण टेबल मांडलं. थर्मोकोल, घरची ज्वारी, हळकुंड, दगडी मीठ. हळकुंडाचा फोटो नळीतून बघितला तर उन्हाळ्यातला सातपुडा, वरून तडे गेलेला. लाईट कुठून टाकायचा हाच खरा प्रश्न, कारण लेन्स इतकी जवळ की तिचीच सावली वस्तूवर पडते, कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा काही उपयोग नाही. श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण फ्लॅशपुढे धरलं, फ्लॅश बाजूला काढून, मऊ लाईट पडला. शिवाय दोन्ही नळ्या लावल्या की दीड स्टॉप लाईट खाल्ला जातो (एक स्टॉप म्हणजे लाईट निम्मा), तो धरून चाला. आणि फोकस म्हणाल तर अ‍ॅपर्चर बारीक करून एफ ८ ठेवून पण जेमतेम दोन मिलिमीटर शार्प येतं, श्वास घेतला तरी हलतं. त्यामुळे रिंग फिरवणं सोडा, फोकस एकदा लॉक करा आणि स्वतःच मागेपुढे झुला. एकाच वस्तूचे थोडं थोडं सरकत आठदहा फोटो घेऊन फोटोशॉपमध्ये जोडता येतात, लेयर अलाइन करून ब्लेंड, म्हणजे आख्खी वस्तू शार्प दिसते, पण त्याला ट्रायपॉड पाहिजे आणि वाऱ्याने हलणारी वस्तू नको.

चौदा वर्षांनी मी एका फोटोसाठी दीड तास घालवला आणि तो फोटो कुणी मागितलेला नव्हता. रात्री साडेअकराला बायको दुकानात बघायला आली की हा माणूस जेवायला का येत नाही.

श्रावणात आबांनी बघितलं. आमची तीन एकर कापूस आहे. आबा म्हणे, "हाई काय शे भो?" मी नळी दाखवली. त्यांना नळीत काही रस नाही, पण स्क्रीनवर फोटो मोठा करून दाखवला तसे चष्मा काढून पुसून परत बघायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला शेतात घेऊन गेले. कापसाचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, हे मी लहानपणापासून बघतोय पण कधी बघितलं नव्हतं, काय म्हणतोय समजा. पाकळीतल्या शिरांमधून तो गुलाबी रंग पसरतो ते नळीतून असं दिसत होतं की मी चिखलात गुडघे टेकून राहिलो. आबांना मात्र फुलाचं कौतुक नव्हतं, ते डोमकळी शोधत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या आतून जाळ्याने बांधून टाकते, फूल उमलतच नाही, मिटलेल्या गुलाबासारखं राहतं, ती डोमकळी. एक सापडली. आबांनी नखाने पाकळी सोडवली आणि आत ती बसलेली, इवलीशी, काळं डोकं. हात थरथरत होता त्यांचा आणि माझा पण, वीसेक फोटोंमधला एक शार्प आला. तो आबांनी मोबाईलवर घेतला, कृषी केंद्रात जाऊन दाखवला, गल्लीत दाखवला, भावकीच्या ग्रुपवर टाकला. माझ्या ३८ लग्नांचा एक पण फोटो त्यांनी आजपर्यंत कुणाला दाखवलेला नाही.

आता धंद्याचं, कारण शेवटी पोट तिथेच आहे. दिवाळीआधी जळगावच्या एका ओळखीच्या सराफाला मण्याचा आणि तुशीचा फोटो दाखवला, त्याने वीस दागिने काढून घेतले, नळीचे पैसे तिथेच सुटले. सोन्यावर मॅक्रो करताना धूळ इतकी दिसते की निम्मा वेळ ब्रशने झटकण्यात जातो, एवढंच सांगतो.

लग्नात वापरायची तर जपून. नळी लावलेली असताना लांबचं काही म्हणजे काहीच दिसत नाही, इन्फिनिटी जाते. नोव्हेंबर संपता संपता एका हळदीत मी नळी लावून हळदीच्या वाटीचा फोटो काढून राहिलो होतो आणि मागून मित्रांनी नवरदेवाला अचानक उचललं, मी कॅमेरा वर केला तर सगळं पिवळं धुकं. नळी काढेपर्यंत तो परत पाटावर. माझ्या असिस्टंटने दुसऱ्या बॉडीवर घेतला म्हणून वाचलो. तेव्हापासून नियम, नळी फक्त दुसऱ्या बॉडीला आणि ती बॉडी फक्त तयारीच्या वेळेला.

पण त्याच हळदीत एक फोटो मिळाला. नवरदेवाची आजी, ऐंशीच्या पुढची, बाजेवर बसून नातवाच्या हाताला हळद लावत होती. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेलं, हिरवं आता निळसर झालेलं, कातडी सैल पडल्यामुळे गोंदणाच्या रेषा पण सुरकुतलेल्या आणि त्या सुरकुत्यांमध्ये ओली हळद जाऊन बसलेली. मी विचारलं, आजी, हाताचा फोटो काढू का. म्हणाली हाताचा काय काढतो रे, तोंडाचा काढ. दोन्ही काढले. अल्बम सिलेक्शनला पार्टी आली तेव्हा मी तो हाताचा फोटो भीतभीतच फोल्डरमध्ये ठेवला होता, ना नवरदेव ना नवरी, पान कोण देणार याला. नवरदेवाची आई थांबली, बराच वेळ बघितलं, म्हणाली हा मोठा करून द्या, फ्रेममध्ये. गोंदणात काहीतरी अक्षर होतं, ते तिच्या सासऱ्यांचं नाव निघालं, घरात कुणी नीट वाचलंच नव्हतं.

तक्रारी राहिल्या. माउंट धातूचा आहे पण मधली बॉडी प्लास्टिक, ८५ सारखी जड लेन्स लावली की हलका खेळ जाणवतो, कॅमेरा लेन्स खाली लोंबत ठेवून चालू नका. १६ च्या नळीचं लॉकचं बटण कडक, १० चं ढिलं, एकाच डब्यातल्या दोघींचा स्वभाव वेगळा. मधेच कनेक्शन तुटून अ‍ॅपर्चर दिसेनासं होतं, काढून परत लावलं की येतं. ऑटोफोकस आहे म्हणतात, आहे, पण कापसाच्या शेतात बैल अडतो तसा अडतो. सोबत दिलेली पिशवी फेकून द्या.

ज्यांच्याकडे आधीच मॅक्रो लेन्स आहे त्यांनी घेऊ नका. बाकीच्यांनी घ्या, ५ पैकी मी साडेतीन देतो, कापलेले दीड त्या ढिल्या लॉकचे. त्या लॉकमुळेच परवा १० ची नळी असिस्टंटच्या हातून निसटून सरीत पडली, आत चिखल. काच नाही त्यामुळे ओल्या फडक्याने आतूनबाहेरून पुसली, वाळवली, पिना खोडरबराने घासल्या, लावली, चालू आहे.