क्लच स्वतः न दाबणारे मास्तर

तीन स्टार द्यावेत का चार, यातच आठवडा गेला. शेवटी चार देतेय.

दोन वर्षांपूर्वी मी गाडी शिकायला दुसरीकडं जात होते. पंधरा दिवसांत एकदाही बंद पडली नाही. लायसन्स हातात आलं, गल्लीत पेढे वाटून झाले. मग घरची गाडी बाहेर काढली आणि बोळाच्या तोंडाशी येईपर्यंत पाच वेळा बंद! शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. पंधरा दिवस क्लच तेच दाबत होते, मी नुसती गिअरची दांडी हलवत होते.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या ड्रायव्हिंग क्लासच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी पाय मागं घेतले. "वहिनी, पडू दे बंद. कोण मारतंय?" सकाळी साडेसहाला सायबर चौकातनं विद्यापीठाच्या बाजूला जायचं. दोन दिवस ॲक्सिलरेटरला पाय लावू दिला नाही. पहिला गिअर टाकायचा आणि क्लच सोडत यायचा, एवढंच. गाडी थरथरली की पाय तिथंच धरायचा. सपाट रस्त्याला तेवढ्यावर ती मुंगीसारखी चालायला लागते. माझा शिलाईचा धंदा, वीस वर्षं पाय मशीनच्या पायडलवर. पण तिथं दाबताना जपायचं, इथं सोडताना. हे डोक्यात बसायला तिसरा दिवस उजाडला.

माझा खरा घोळ दुसऱ्यावरनं तिसऱ्याला जाताना. दांडी मुठीत आवळून स्वतःकडं ओढायची, की तिसऱ्याऐवजी पाचवा पडायला बघायचा. मास्तर म्हणाले, मूठ सोडा. न्यूट्रलला आणून हात ढिला करा, स्प्रिंग दांडीला आपोआप मधे आणते; मग तळहातानं सरळ पुढं ढकला. झालं! गिअर बदलायची वेळही काट्यावर बघू दिली नाही, "इंजिन रडायला लागलं की वरचा, कण्हायला लागलं की खालचा." खालचा टाकून क्लच झटकन सोडला की गाडी हिसका देते, कारण चाकं जोरात आणि इंजिन हळू. क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला जरासा स्पर्श केला की तोही जातो. हे मला अजून दहातनं सहा वेळा जमतं.

संध्याकाळी परीख पुलाखालनं वर येताना पुढं रिक्षा, मागं केएमटीची बस, आणि आम्ही चढावर उभे. हँडब्रेक ओढून हाफ क्लच, म्हणजे अर्धा सोडलेला, धरा, गाडीचं नाक उचललं की मग हँडब्रेक सोडा. मागचा हॉर्न वाजवून दमला, पण गाडी बोटभरही मागं सरकली नाही. शेवटच्या रविवारी वाघबीळवरनं पन्हाळ्याला. उतरताना दुसऱ्यात ठेवून इंजिनानंच गाडी धरायची, न्यूट्रल करायचं नाही. वाटेत झुणका-भाकरी माझ्याकडनं.

आता एक स्टार का कापला. अर्ध्या तासाच्या क्लासमधली दहा मिनिटं पुढच्या शिकाऊला आणायला जाण्यात जातात, आणि पैसे पूर्ण तासिकेचे. सीट इतकी खचलीय, की मी घरनं उशी नेत होते. आणि रिव्हर्स फक्त दोन दिवस शिकवला. आमच्या बोळात गाडी वळतच नाही, रोज उलटीच काढावी लागते. तेवढे दोन क्लास वाढवून द्या, पाचवा स्टार लगेच टाकते.