गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर घरी घेतलेली ऑक्युपेशनल थेरपी

आईच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाल्यावर आम्ही फिजिओथेरपीच्या जोडीला घरी येऊन दिली जाणारी ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामे पुन्हा स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचाराची, सेवाही घेतली. दोन्हींची गरज काय, अशी शंका घरात होतीच. फिजिओथेरपिस्टचे लक्ष गुडघा किती वाकतो, किती सरळ होतो आणि मांडीचे स्नायू किती बळकट झाले याकडे होते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी मात्र पहिल्याच भेटीत न्हाणीघर, पलंगाची उंची आणि आईची नेहमीची खुर्ची पाहायला मागितली.

त्या खुर्चीवरच त्यांनी सर्वाधिक वेळ दिला, आणि तो योग्य होता असे माझे मत आहे. सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण ६५ ते ७० अंश वाकला तरी भागते, जिन्यासाठी ८० हून थोडे अधिक लागतात आणि नेहमीच्या उंचीच्या खुर्चीतून उठायला ९० च्या पुढे जावे लागते. म्हणजे खोलीभर चालू शकणारी व्यक्ती खुर्चीतून उठताना अडते, यात तिच्या जिद्दीचा दोष नसतो. बाईंनी बैठक घट्ट गादीने उंच केली, कमोडवर उंची वाढवणारी सीट बसवायला सांगितली आणि ऑपरेशनचा पाय थोडा पुढे सरकवून, दोन्ही हातांनी खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठायला शिकवले. वॉकरला धरून स्वतःला ओढत उठायचे नाही, हे त्यांनी आईकडून पुनःपुन्हा करवून घेतले.

कपडे घालताना ऑपरेशनचा पाय आधी आणि काढताना शेवटी, आंघोळ स्टुलावर बसून, जिना चढताना चांगला पाय आधी व उतरताना ऑपरेशनचा आधी, हे सारे शिकवणे नीटनेटके होते. वॉकरमुळे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून त्याला एक पिशवी अडकवली आणि आई आपला चष्मा व औषधे स्वतः नेऊ लागली. तिच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास पाहून मला फार बरे वाटले. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली ठेवलेली उशी त्यांनी लगेच काढायला लावली, कारण गुडघा सतत वाकलेला राहिला तर पुढे तो पूर्ण सरळ होणे कठीण जाते.

उणीव मात्र गंभीर आहे. सेवेकडून मिळालेल्या छापील सूचनांमध्ये कमरेतून ९० अंशांपेक्षा जास्त वाकू नये, असे लिहिले होते. ही खबरदारी खुब्याच्या सांधेरोपणानंतर सांगितली जाते. गुडघ्याच्या रुग्णाला तिची गरज नसते, उलट गुडघा वाकवण्याचा सराव वाढवत न्यायचा असतो. आम्ही विचारल्यावर बाईंनी ती ओळ खोडली, पण तोवर आई पुढे वाकायला घाबरू लागली होती. ज्या घरात कोणी विचारणार नाही, तिथे ही भीती तशीच राहील. सेवेने हा कागद तातडीने बदलायला हवा.

दुसरे म्हणजे, पहिली भेट शस्त्रक्रियेपूर्वी व्हायला हवी होती. खुर्ची, कमोड आणि न्हाणीघरातील आधाराचे दांडे यांची सोय आम्ही आईच्या वेदना सर्वांत तीव्र असताना करत बसलो. नाव नोंदवताना शस्त्रक्रियेआधीची भेट आवर्जून मागावी. ती मिळत असेल, तर ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन.