उन्हाळी भाजीपाल्याचे आच्छादन: मल्चिंग पेपर की सोयाबीनचे भुसकट?

मेथी, कोथिंबीर, गाजर निघाले की जानेवारीच्या अखेरीपासून भेंडी, गवार, काकडी, दोडक्याची तयारी सुरू होते. नांगरट, वाफशावर कुळवाच्या दोन पाळ्या, गुंठ्याला १५० ते २०० किलो चांगले कुजलेले शेणखत, इथपर्यंत कुणाचा वाद नाही. अडते ते गादीवाफे झाल्यावर. वर पेपर अंथरायचा की भुसकट? दोन्ही वापरून झाले आहे. हे घरापुरते दोन-चार गुंठे करणाऱ्यांसाठी.

मल्चिंग पेपर म्हणजे वाफ्यावर अंथरायचा पातळ प्लास्टिकचा कागद. तो २५ मायक्रॉनचा, चंदेरी बाजू वर. ४ फुटी पेपरसाठी गादीचा माथा २ फूट आणि उंची अर्धा फूट ठेवावी, म्हणजे दोन्ही कडांना अर्धा-अर्धा फूट मातीत गाडायला उरतो. कडा कमी गाडली तर मार्चमधल्या वावटळीत पेपर उपसून निघतो. घोळ, केना यांची खुरपणी वाचते, लव्हाळा मात्र पेपर भोसकून वर येतोच. चंदेरी चकाकीने पांढरी माशी थोडी बिचकते, त्यामुळे भेंडीवर केवडा (पाने पिवळी पाडणारा रोग) उशिरा दिसतो. थंडीत लावलेले बीही पेपरखाली दोन-तीन दिवस आधी उगवल्यासारखे वाटते. छिद्र मात्र ऐसपैस हवे आणि त्याच्या कडेला मूठभर माती टाकावी, नाहीतर तापलेल्या पेपरला टेकून कोवळे खोड भाजते.

भुसकटाचे गणित वेगळे. ते आधी टाकले तर जमीन गार राहून उगवण रेंगाळते. म्हणून रोप वीतभर झाल्यावर ३ इंचांचा थर द्यावा आणि लगेच पाणी शिंपडावे, म्हणजे ते दबते आणि उडत नाही. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. पीक उभे असताना भुसकट मातीत मिसळू नये: कुजताना ते नत्र ओढून घेते आणि पाने पिवळी पडतात. कोरड्या जागी वाळवी लागते, त्यावर नजर हवी. टंचाईच्या वर्षी मात्र भुसकटावर पहिला हक्क जनावरांचा, तेव्हा उसाचे पाचट बघावे. ते तुकडे करूनच टाकावे.

आता ज्या कटकटीने आमचा कल ठरला ती सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचे पाणी क्षारयुक्त. ठिबकच्या नळीवर पाणी थेंबथेंब सोडणारे ड्रीपर असतात, त्यांच्या तोंडाशी पांढरा थर धरतो आणि एकेक ड्रीपर चोक होत जातो. पेपरखाली हे दिसत नाही. दुपारी वेल मान टाकतो तेव्हा कळते, आणि एप्रिलच्या उन्हात तोवर उशीर झालेला असतो. नेमका कुठला ड्रीपर बंद आहे हे शोधायला पेपर फाडावा लागतो, आणि फाटला की तिथूनच वारा शिरतो. उंदराने नळी कुरतडली तरी तेच. पंधरा दिवसांनी टोकाची एंडकॅप उघडून नळ्या धुतल्या तरी काही ड्रीपर राहतातच. भुसकट असेल तर सकाळी फेरी मारताना खुरप्याने थोडे सारले की ओल दिसते. ड्रीपर तिथल्या तिथे बदलता येतो. हाताने सारू नये, खाली विंचू असतो.

मे महिन्यात भुसकटाखालची माती हाताला गार लागते आणि भेगा कमी पडतात, हेही जाणवले. पेपरखालीही ओल टिकते, पण वरून खत टाकता येत नाही, सगळे ड्रीपमधूनच द्यावे लागते.

मिरची-टोमॅटोचे एकरभर रान असेल, खुरपणीला माणसे मिळत नसतील आणि पाणी गोडे असेल, तर पेपरच घ्यावा. परसबागेला भुसकट बरे पडते असे वाटते. पीक संपल्यावर पेपरच्या गाडलेल्या कडा घट्ट झालेल्या काळ्या मातीत तुटतात आणि तुकडे पुढच्या मशागतीला रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळतात. भुसकट मात्र जूनपर्यंत अर्धे कुजलेले असते. पहिल्या पावसाआधीच्या पाळीत ते मिसळून टाकावे.